‘पिक अप’ या इंग्रजी क्रियापदाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये ‘पिकअप’ हा शब्द कानावर पडला नाही असा दिवस सहसा जात नाही. टोमॅटोचे क्रेट भरून पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीकडे निघालेली गाडी पिकअप असते, नाशिक रोड स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या टॅक्सीचालकाला पिकअप मिळालेला असतो आणि कसारा घाट चढताना धापा टाकणाऱ्या मोटारीला पिकअप उरलेला नसतो. हे तिन्ही अर्थ आपल्याला कोणी शिकवलेले नाहीत. अडचण येते ती इंग्रजी वाक्य लिहायला किंवा बोलायला घेतल्यावर, कारण आपण नाम म्हणून वापरतो तो शब्द इंग्रजीत मुळात क्रियापद आहे आणि त्याचे अर्थ या तीनांच्या पलीकडे बरेच पसरलेले आहेत. मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि हॉटेल, वाहतूक, द्राक्षनिर्यात किंवा कार्यालयीन कामात इंग्रजी वापरावे लागणाऱ्या वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. इंग्रजी उदाहरणे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत.

एका क्रियापदाला इतके अर्थ कसे? त्यांना बांधणारा काही धागा आहे का?

धागा आहे आणि तो मराठी माणसाला सहज सापडण्यासारखा आहे. ‘पिक अप’चा सर्वांत साधा अर्थ खाली असलेली वस्तू हाताने वर घेणे, म्हणजे उचलणे, असा आहे. आता आपले ‘उचलणे’ किती ठिकाणी जाते ते पाहावे. आपण फोन उचलतो, व्यापारी माल उचलतो, पोलीस संशयिताला उचलतात, घरातील थोरला भाऊ लग्नाचा खर्च उचलतो, लहान मूल शेजाऱ्याची लकब उचलते आणि मंदावलेला बाजार एखाद्या आठवड्यात उचल खातो. या सर्व ठिकाणी इंग्रजी माणूस बिनदिक्कत ‘पिक अप’ वापरतो. दोन्ही भाषांनी एकमेकींकडून हे घेतलेले नाही. वस्तू जमिनीवरून हातात येण्याच्या कृतीतून दोघींनाही तीच रूपके सुचली.

म्हणून माझा सल्ला असा, की ‘पिक अप’चे वीस अर्थ क्रमांक घालून पाठ करण्याऐवजी आधी ‘उचलणे’ लावून पाहावे. ते बसले तर इंग्रजी वाक्य बहुतेक वेळा बरोबर निघते. ते बसत नाही अशी ठिकाणे मोजकी आहेत, आणि लक्ष तिकडे द्यावे. उलट दिशेने जाताना मात्र थोडी सावधगिरी हवी, कारण ‘पाऊल उचलणे’, ‘हात उचलणे’ किंवा मुकादमाकडून ‘उचल घेणे’ यांपैकी कशालाही ‘पिक अप’ चालत नाही. पाऊल उचलण्याला ‘टेक अ स्टेप’ म्हणतात, मारण्यासाठी हात उचलण्याला ‘रेज अ हँड’ आणि उचल म्हणजे ‘ॲडव्हान्स’.

अशा क्रियापदांना ‘फ्रेजल व्हर्ब’ का म्हणतात? मराठीत तसे काही आहे का?

साध्या क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘ऑन’ यांसारखा छोटा शब्द जोडला जातो आणि जोडीचा अर्थ दोन सुट्या शब्दांच्या बेरजेपेक्षा वेगळा होतो, तेव्हा त्या जोडीला हे नाव देतात. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवून ठेवले आहे, की परभाषिकांना इंग्रजीत सर्वांत जास्त अडचण या जोड्यांमुळे येते. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र पुष्कळ नंतरचे आहे. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी ते १९२५ मध्ये छापील स्वरूपात वापरले आणि ते ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचेही सांगितले.

मराठीत रचना वेगळी आहे, पण डोकेदुखी तीच आहे. परप्रांतातून आलेल्या माणसाला ‘लागणे’ शिकवून पाहावे. भूक लागते, आग लागते, वेळ लागतो, नोकरी लागते, कैरीला मीठ लागते. आणि ‘गाडी लागली’ या दोन शब्दांचा अर्थ नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर फलाटाशी उभे असताना एक आणि वणीच्या वळणांवर खिडकीतून डोके बाहेर काढलेल्या प्रवाशाजवळ बसले असताना दुसराच होतो. हे आपल्याला अवघड वाटत नाही, कारण आपण प्रत्येक वापर प्रसंगासकट ऐकत आलो. ‘पिक अप’ही तसेच ऐकायला हवे.

पाहुण्यांना आणायला जाताना ‘आय विल पिक यू ॲट फाइव्ह’ असा संदेश पाठवला तर काय चुकते?

‘अप’ गळले आहे आणि त्यामुळे अर्थ बदलला आहे. नुसत्या ‘पिक’चा अर्थ निवडणे असा आहे. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर दोन कर्णधार खेळाडू वाटून घेत असतील, तर तेथे ‘पिक मी’ अगदी योग्य आहे. ओझर विमानतळावर उतरलेला पाहुणा मात्र ‘आय विल पिक यू’ वाचून क्षणभर थबकतो. भारतीय इंग्रजीची सवय असलेल्याला संदर्भावरून कळते, नसलेल्याला ते विचित्र वाटते. योग्य वाक्य ‘आय विल पिक यू अप ॲट फाइव्ह’ असे आहे.

ही चूक होण्याचे एक कारण मला असे दिसते, की याच्या उलट अर्थाच्या क्रियापदात ‘ऑफ’ गाळलेले चालते. ‘आय विल ड्रॉप यू ॲट द स्टेशन’ हे वाक्य इंग्लंडमध्येही शुद्ध मानतात. ‘ड्रॉप’ एकटे चालते म्हणून ‘पिक’ही एकटे चालेल, असा समज होतो. तो टाळावा.

ठिकाण सांगताना ‘ॲट’ आणि ‘फ्रॉम’ दोन्ही येतात. ‘पिक मी अप ॲट द्वारका’ म्हणजे नाशिकच्या द्वारका चौकापाशी भेटून गाडीत घ्या आणि ‘पिक मी अप फ्रॉम द हॉटेल’ म्हणजे हॉटेलवरून घेऊन जा. फरक बारीक आहे, त्यात अडकून पडू नये.

द्राक्षांच्या बाबतीत ‘पिक’ आणि ‘पिक अप’ यांत काय फरक आहे?

हा प्रश्न दिंडोरी आणि निफाडकडच्या वाचकांकडून हमखास येतो, आणि येथे ‘अप’ किती काम करतो हे सर्वांत स्वच्छ दिसते. मजुरांची टोळी सकाळी बागेत शिरते, कात्रीने घड कापून क्रेटमध्ये अलगद ठेवते, या कामाला ‘पिक’ म्हणतात. ‘द वर्कर्स आर पिकिंग ग्रेप्स’ म्हणजे काढणी चालू आहे. दुपारी गाडी बांधावर येते आणि भरलेले क्रेट घेऊन पॅकहाउसकडे निघते, तेव्हा ‘द ट्रक इज पिकिंग अप द ग्रेप्स’ असे म्हणतात. काढणी सुरू आहे असे कळवायचे असताना ‘पिकिंग अप’ लिहिले, तर परदेशी खरेदीदाराला माल कापून तयार आहे आणि उचलला जात आहे असे वाटेल. वेलीवर असलेले घड आणि गाडीत चढलेले घड यांत निर्यातीच्या व्यवहारात किती अंतर असते, हे बागाईतदारांना सांगायला नको.

तिसरा वापर बाजारहाटाचा आहे. ‘पिक अप सम ग्रेप्स ऑन युअर वे होम’ म्हणजे येताना थोडी द्राक्षे घेऊन ये. येथे ‘उचलणे’ लावले तर चोरी केल्यासारखे वाटेल, कारण मराठीत पैसे न देता घेतलेली वस्तू उचलली जाते. इंग्रजीत असा वास नाही. वाटेत थांबून किरकोळ खरेदी करणे एवढाच अर्थ आहे. फ्लॅट किंवा ट्रॅक्टर घेण्याला सहसा ‘पिक अप’ म्हणत नाहीत, तो स्वस्तात हाताला लागला असे सांगायचे असेल तरच म्हणतात.

‘पिक अप इट’ म्हणावे की ‘पिक इट अप’?

‘पिक इट अप’ हेच बरोबर आहे आणि याला अपवाद नाही. कर्म सर्वनाम असेल, म्हणजे ‘इट’, ‘हिम’, ‘हर’, ‘देम’, ‘मी’, ‘अस’ यांपैकी काही असेल, तर ते मध्येच बसते. कर्म नाम असेल तर दोन्ही क्रम चालतात, ‘पिक अप द पार्सल’ आणि ‘पिक द पार्सल अप’. कर्म लांबलचक असेल तर ते शेवटी टाकणे सोयीचे असते: ‘प्लीज पिक अप द टू गेस्ट्स हू आर कमिंग बाय द पंचवटी एक्सप्रेस’. यात ‘अप’ शेवटी ढकलले, तर ऐकणाऱ्याला ते येईपर्यंत वाट पाहावी लागते.

नियमामागचे कारण कळले की तो विसरत नाही. इंग्रजी वाक्यात जोर आणि नवी माहिती शेवटाकडे येते. सर्वनाम म्हणजे आधीच माहीत असलेली गोष्ट. तिला शेवटची जागा देण्यासारखे तिच्यात काही नसते, म्हणून ती मध्ये दडते आणि जोर ‘अप’वर पडतो.

फोनच्या बाबतीत नेमके काय म्हणावे?

‘ही इज नॉट पिकिंग माय कॉल’ हे वाक्य आपल्याकडे रोज ऐकू येते. ‘ही इज नॉट पिकिंग अप’ एवढेच म्हटले तरी पुरते. कर्माची गरज नाही. ‘पिक अप द फोन’ आणि ‘आन्सर द फोन’ हे दोन्ही प्रयोग निर्धोक आहेत. मात्र ‘कॉल’ हा शब्द घालायचाच असेल, तर ‘आन्सर माय कॉल’ जास्त बरे.

एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘जस्ट पिक अप द फोन अँड आस्क हर’ या वाक्यात फोन घ्यायचा नसून करायचा आहे. आपणही ‘अरे, फोन उचल आणि विचार की तिला’ असे म्हणतोच.

कांद्याचे भाव वाढले, हे सांगताना ‘पिक अप’ चालते का?

चालते, पण ते कोण बोलतो आहे यावर बरेच अवलंबून आहे. ‘पिक अप’मध्ये आधीची मंदी गृहीत असते. धंदा बसला होता, तो सावरला. मागणी पडली होती, ती वाढू लागली. लासलगावला भाव कोसळलेले असताना पुढच्या आठवड्यात चढू लागले, तर शेतकरी किंवा व्यापारी ‘प्राइसेस हॅव पिक्ट अप’ म्हणेल, आणि त्यात समाधान असेल. मराठीत आपण भावाने उचल खाल्ली म्हणतो ते नेमके हेच. मात्र मंडईत पिशवी घेऊन उभ्या असलेल्या गृहिणीने ‘अनियन प्राइसेस हॅव पिक्ट अप’ म्हटले, तर ती भाववाढीने खूश आहे असे वाटेल. तिने ‘गॉन अप’ म्हणावे.

अर्थविषयक बातम्यांत ‘इन्फ्लेशन हॅज पिक्ट अप’ असे छापलेले दिसते आणि तेथे आनंदाचा प्रश्न नसतो; महागाईचा वेग वाढला, एवढेच सांगायचे असते. हा अर्थ वेगाकडून आलेला आहे. वारा जोर धरतो तेव्हा ‘द विंड इज पिकिंग अप’, आगगाडी स्थानक सोडून वेग घेते तेव्हा ‘द ट्रेन पिक्ट अप स्पीड’. या वापरांत बऱ्याचदा कर्मच नसते, वाक्याचा कर्ता आपला आपण उचलला जातो.

तब्येतीबाबत मात्र घोटाळा होऊ शकतो. मराठीत जुना दमा उचल खातो तेव्हा आजार बळावलेला असतो. इंग्रजीत ‘हिज हेल्थ इज पिकिंग अप’ म्हणजे प्रकृती सुधारते आहे. आजार बळावण्याला ‘फ्लेअर अप’ म्हणतात. दूरच्या नातेवाइकाला इंग्रजीतून प्रकृती कळवताना हा फरक सांभाळावा.

भाषा किंवा काम ‘पिक अप’ करणे म्हणजे शिकणे का?

शिकणेच, पण वर्ग, वही आणि परीक्षा यांशिवायचे. सटाण्याला बदली होऊन गेलेल्या बाई शेजारपाजारच्या बोलण्यातून अहिराणी बोलू लागल्या, तर ‘शी पिक्ट अप अहिराणी फ्रॉम हर नेबर्स’. त्यांनी शिकवणी लावली असती, तर ‘लर्न्ट’ म्हणावे लागले असते. सिंहस्थ कुंभमेळा २०१५ नंतर पुन्हा २०२७ मध्ये नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला भरत असल्याने रिक्षाचालक आणि गाइड कामापुरते इंग्रजी शिकू पाहत आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांचे इंग्रजी प्रवाशांशी बोलता बोलता ‘पिक अप’ होणार आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. हातात बसलेले काम, कानात बसलेली लय, मित्राकडून लागलेली सवय, सर्वांना हेच क्रियापद लागते.

सर्दीही ‘पिक अप’ होते, हे खरे का?

होय. ‘आय पिक्ट अप अ कोल्ड ऑन द बस’ म्हणजे बसमध्ये कोणाकडून तरी मला सर्दी झाली. येथे ‘उचलणे’ पूर्णपणे निकामी ठरते, कारण मराठीत सर्दी होते, साथ लागते, ताप येतो. आजार आपल्याकडे येतो. इंग्रजीत माणूस तो नकळत घेऊन येतो. हा संसर्गाचाच प्रयोग आहे, म्हणून मधुमेह किंवा मुतखडा ‘पिक अप’ होत नाही.

पोलीस आणि हॉटेलचे बिल?

दोन्हींत ‘उचलणे’ जसेच्या तसे बसते. ‘द पोलीस पिक्ट हिम अप’ म्हणजे पोलिसांनी त्याला उचलले, ‘पिक अप द बिल’ म्हणजे सर्वांचे पैसे एकाने भरणे. अधिक सांगण्यासारखे काही नाही.

‘पिक अप ऑन’ आणि ‘पिक अप आफ्टर’ हे वेगळे आहेत का?

वेगळे आहेत, आणि यांना तुकडे करून मध्ये काही घालता येत नाही. ‘पिक अप ऑन’ म्हणजे न सांगितलेली गोष्ट हेरणे. सासूबाई जेवताना काही बोलल्या नाहीत, पण त्यांची नाराजी सुनेने ताडली, तर ‘शी पिक्ट अप ऑन इट’. सभेत ‘आय वुड लाइक टू पिक अप ऑन व्हॉट यू सेड’ म्हटले, तर आपण मांडलेला मुद्दा मी पुढे नेतो असा अर्थ होतो, आणि ही सभ्य सुरुवात आहे. यंत्रांसाठी मात्र ‘ऑन’ लागत नाही. त्र्यंबकच्या डोंगरात मोबाईलला रेंज मिळाली, तर ‘द फोन पिक्ट अप अ सिग्नल’.

‘पिक अप आफ्टर’ म्हणजे दुसऱ्याने केलेला पसारा आवरणे. ‘आय ॲम टायर्ड ऑफ पिकिंग अप आफ्टर यू’ हे वाक्य कोणत्या घरात कोण कोणाला म्हणत असेल, ते वाचकांना ठाऊक आहे.

गाडीला पिकअप नाही, हे इंग्रजीत कसे सांगावे?

‘द कार हॅज नो पिकअप’ हे भारतात सर्वांना कळते आणि अमेरिकी कोशांतही हा अर्थ सापडतो, परंतु आज बाहेरच्या मेकॅनिकशी बोलताना ‘पुअर ॲक्सिलरेशन’ म्हणणे जास्त स्पष्ट आहे. मालवाहू गाडीला ‘पिकअप’ म्हणणे जगभर चालते. अमेरिकेत ‘पिकअप ट्रक’. ‘द पिकअप पिक्ट अप द क्रेट्स’ या वाक्यात पहिला शब्द गाडी आहे आणि पुढचे दोन तिचे काम. गिटारच्या तारांची कंपने टिपून त्यांचे विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या भागालाही ‘पिकअप’च म्हणतात.

इंग्रज बोलतो तेव्हा ‘पिक अप’ ऐकूच येत नाही. असे का?

कारण तो दोन शब्द सुटे उच्चारत नाही. ‘क’ पुढच्या स्वराला चिकटतो आणि ‘पिकप’ होते. भूतकाळात ‘पिक्टप’, कारण ‘क’नंतर येणाऱ्या ‘-ईडी’चा उच्चार ‘ट’ होतो, ‘ड’ नव्हे. क्रियापद असताना आघात ‘अप’वर असतो, नाम असताना ‘पिक’वर.

आणखी एक गोष्ट. ‘पि’ ऱ्हस्व आहे. आपल्या तोंडी ‘पीक’ हा शब्द इतका बसलेला आहे, की बोलताना तो दीर्घ होऊन जातो. इंग्रजी कानाला मग शिखर ऐकू येते किंवा चोरून पाहणे.

या क्रियापदाला काही नकोसा अर्थही आहे का?

आहे, आणि तो न शिकवण्याकडे आपल्या वर्गांचा कल असतो. अनोळखी व्यक्तीशी शारीरिक ओळख वाढवण्याच्या हेतूने गट्टी जमवणे यालाही ‘पिक अप’ म्हणतात. त्यासाठी टाकलेल्या ठरावीक वाक्याला ‘पिकअप लाइन’. त्यामुळे चालकाने कार्यालयाला ‘आय पिक्ट अप अ गर्ल लास्ट नाइट’ असे कळवू नये. ‘पिक्ट अप अ पॅसेंजर ॲट मुंबई नाका’ असे लिहिले, की प्रवासी आणि ठिकाण दोन्ही स्पष्ट होऊन शंकेला जागा उरत नाही.

अर्जात किंवा कार्यालयीन पत्रात ‘पिक अप’ लिहावे का?

फ्रेजल क्रियापदे गावंढळ असतात, हा समज चुकीचा आहे. ‘द कुरिअर विल पिक अप द डॉक्युमेंट्स’ हे कोणत्याही पत्रात शोभते. नोकरीच्या अर्जात मात्र ‘आय पिक्ट अप अकाउंटिंग’ लिहिले, तर येता-जाता शिकलो असा सूर लागतो, तेव्हा ‘आय अक्वायर्ड’ किंवा ‘आय वॉज ट्रेन्ड इन’ लिहावे. अहवालात विक्री सावरल्याचे सांगताना ‘रिकव्हर्ड’, दोष आढळल्याचे सांगताना ‘डिटेक्टेड’, थांबलेले काम पुन्हा हाती घेताना ‘रिझ्यूम्ड’ हे पर्याय आहेत. बोलण्यात हेच शब्द वापरत बसलात, तर सरकारी परिपत्रक वाचून दाखवल्यासारखे होईल.

एक शब्द की दोन?

क्रियापद नेहमी दोन सुटे शब्द, मधे काही चिन्ह नाही. नाम अमेरिकेत जोडून आणि ब्रिटनमध्ये बहुधा मध्ये जोडरेघ देऊन लिहितात. हॉटेलच्या फलकावर ‘फ्री पिकअप फ्रॉम नाशिक रोड’ लिहायचे असेल तर तेथे नाम आहे, म्हणून जोडून. ‘वुई पिक यू अप फ्रॉम नाशिक रोड’ लिहायचे असेल तर तोडून, आणि ‘यू’ मध्ये.